पुण्यात छत्री, दौंडात गॉगल: शिरूर-दौंडच्या हवेचं गणित

(हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लेखी मजकूर आहे. बोलताना झालेलं अडखळणं काढलंय, बाकी बोलणं जवळपास तसंच ठेवलंय. रेंज नसेल, हेडफोन घरी विसरला असाल किंवा लेक्चर चालू असेल, तर वाचा.)

००:०० | एक व्हॉइस नोट

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे झाला. आपला एक श्रोता रोज दौंडहून पुण्याला कामाला जातो-येतो. जुलैमध्ये त्यानं पाठवलं होतं, "दादा, पुणे स्टेशनात चढलो तेव्हा बूट भिजलेले, छत्री उलटी झालेली. दौंडला उतरलो तर ऊन आणि धूळ. मोबाईल तरी म्हणतोय, हेवी रेन. हे ॲप आपल्याला येड्यात काढतंय का?"

मी त्याला तेव्हा एवढंच लिहिलं की ॲप खोटं बोलत नाही, ते फक्त पुण्याबद्दल बोलतंय. पण हे उत्तर अर्धंच आहे. दीड तासाच्या रेल्वे प्रवासात पाऊस गायब का होतो? शिरूरच्या पोराला जुलैमध्ये आभाळ भरलेलं दिसतं, पण वावर भिजत नाही, असं का? आणि हाच कोरडा तालुका सप्टेंबरात एका रात्रीत ओढ्याला पूर कसा आणतो? आज हे सगळं बोलू. शेवटी एक घरचा अभ्यासही आहे, खर्च शून्य रुपये.

०२:१० | रेल्वे हेच पर्जन्यमापक

एक प्रयोग डोळ्यांसमोर आणा. लोणावळ्याहून निघायचं आणि पूर्वेला जायचं. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवर पुणे, तिथे साधारण सातशे ते साडेसातशे. मग हडपसर, लोणी, उरुळी, यवत, केडगाव, पाटस करत दौंडला पोचा. तिथे आकडा पाचशेच्या आसपास येतो. शिरूरचंही तेच. नगर रोडनं वाघोली, कोरेगाव भीमा, शिक्रापूर, रांजणगाव करत शिरूर गाठलं की तुम्ही पाचशेच्या पट्ट्यात आलात.

म्हणजे जिल्हा एकच. जिल्हाधिकारी एकच. पण पश्चिमेच्या टोकाला आणि पूर्वेच्या टोकाला पावसात सात-आठ पटींचा फरक.

आता मिलिमीटर म्हणजे काय, ते एकदा नीट समजून घेऊ, कारण पुढे सगळीकडे लागणार आहे. एक चौरस मीटर सपाट जागेवर एक लिटर पाणी सारखं पसरलं, तर त्याची उंची एक मिलिमीटर होते. एका एकरात साधारण चार हजार चौरस मीटर असतात. म्हणजे पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर एकरावर वीस लाख लिटर पाणी पडलं. दहा हजार लिटरचे दोनशे टँकर. ऐकायला खूप वाटतं ना? पण उसाला पाटानं पाणी द्यायचं म्हटलं तर दोन हजार मिलिमीटरच्या आसपास लागतं. कधी त्याहून जास्त. म्हणजे आपल्या आभाळातून येतं ते उसाच्या गरजेच्या पावपट. उरलेलं कुठून येतं? त्या प्रश्नाकडे आपण परत येणार आहोत, कारण या दोन तालुक्यांचं सगळं राजकारण त्यात आहे.

०५:०० | ढग संपत नाहीत, विरतात

शाळेत आपण एक शब्द पाठ केला होता: पर्जन्यछाया. परीक्षेत लिहिला, दोन मार्क मिळाले, विसरलो. पण तो शब्द म्हणजे आपला पत्ता आहे.

होतं असं. जूनपासून अरबी समुद्रावरून बाष्पानं भरलेला वारा येतो. वाटेत सह्याद्रीची भिंत, साधारण हजार मीटर उंचीची. वारा तिला धडकला की वर चढतो. वर चढलेली हवा थंड होते. थंड हवेला बाष्प सांभाळता येत नाही, म्हणून तिथेच पाऊस ओतला जातो. लोणावळा, भीमाशंकर, माळशेज इथे मग दिवस-दिवस उघडीप नसते.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. लोक म्हणतात, घाटानं ढग पिळून घेतले, आपल्याला चोथा मिळाला. हे खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं जास्त मजेदार आहे. घाट ओलांडल्यावर हवा खाली उतरते. उतरणारी हवा दाबली जाते आणि तापते. तापलेल्या हवेची बाष्प धरून ठेवायची ताकद वाढते, त्यामुळे असलेले ढगही विरायला लागतात. सायकलच्या पंपानं हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं ना, तसंच. हवा दाबली की तापते.

म्हणून जुलैमध्ये शिरूरला दिसणारं दृश्य आठवा. आभाळ राखाडी. ढग खाली आलेले आणि पूर्वेकडे नुसते पळतायत. वारा इतका की गच्चीवरचे कपडे शेजारच्या वाड्यात. आणि पाऊस? एखादी भुरभुर. शेतकरी वर बघतो, ढग निघून जातात.

आणि इथे एक उलटी गोष्ट आहे. मान्सूनचा वारा जितका जोरात, तितका घाटात पाऊस जास्त आणि आपल्याकडे उघडीप जास्त. टीव्हीवर "मान्सून सक्रिय" अशी पट्टी फिरते, तेव्हा दौंडचा माणूस कोरडाच असू शकतो.

०८:१५ | लेह आणि शिरूर

आपल्या भागातली बरीच पोरं फौजेत आहेत. त्यातल्या कुणाची लेहला पोस्टिंग झाली असेल तर त्याला विचारा, तिथे पाऊस किती पडतो. लेह हे दूर उत्तरेतलं, साडेतीन हजार मीटर उंचीवरचं गाव. वर्षाचा पाऊस साधारण शंभर मिलिमीटर. हिवाळ्यातल्या रात्री पारा शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत आणि त्याच्याही खाली जातो. आपलं आणि त्यांचं काय जमणार?

पण कारण तेच. त्यांच्या वाटेत हिमालय उभा आहे, आपल्या वाटेत सह्याद्री. भिंत जितकी उंच, तितकी सावली गडद. लेह पर्जन्यछायेतलं वाळवंट झालं, आपण पर्जन्यछायेतलं माळरान. आणि कोरड्या हवेच्या गावाला एक धोका असतो: जेव्हा पडतो तेव्हा एकदम पडतो, आणि जमिनीला त्याची सवय नसते. ऑगस्ट २०१० मध्ये लेहला एका रात्रीच्या पावसानं हाहाकार केला होता, तो याच प्रकारचा.

लेहशी आपलं आणखी एक नातं आहे, पंखांचं. लडाखमधल्या आणि मध्य आशियातल्या तळ्यांवर घरटी करणारे पट्टकादंब हिवाळ्यात हिमालय ओलांडतात. त्यातले काही दौंडला लागून असलेल्या भिगवणजवळ, उजनीच्या फुगवट्यावर उतरतात. ज्वारीवर थव्यांनी येणाऱ्या भोरड्याही उत्तरेकडूनच येतात. आपण ज्याला थंडी म्हणून स्वेटर घालतो, ती त्यांच्यासाठी उबदार सुट्टी असते.

१०:३० | आपले खरे ऋतू किती?

पुस्तकात तीन ऋतू, पंचांगात सहा. शिरूर-दौंडच्या वावरात बसून मोजले तर मला पाच दिसतात.

पहिला, तापता उन्हाळा. मार्च ते मे. समुद्र लांब, हवा कोरडी, म्हणून पारा चाळीस-बेचाळीसपर्यंत सहज जातो. पण कोरड्या हवेचा एक फायदा असतो. रात्री ती उष्णता धरून ठेवत नाही. दुपारी मुंबईपेक्षा जास्त भाजलं तरी पहाटे आपल्याकडे अंगावर चादर घ्यावी लागते. दुपारी माळावर वावटळी फिरतात. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

दुसरा, वळीव. हा मान्सूनचा पाऊस नाही, त्याच्या आधीचा. एप्रिल-मेमध्ये जमीन तापते, बाष्प येऊ लागतं, आणि दुपारी तीन-चारनंतर एखादा ढग फुलकोबीसारखा वर वर चढत जातो. मग धुळीचं वादळ, विजा, कधी गारा. अर्ध्या तासात खेळ खल्लास. एका शिवारात पाणी साचतं, दोन किलोमीटरवर फुफाटा तसाच.

तिसरा, जून ते ऑगस्ट. सुरुवातीला मृगात एक-दोन चांगले पाऊस, मग वारा आणि भुरभुर. याच काळात तुकोबांची पालखी यवत, वरवंड करत दौंड तालुक्यातून जाते. यवतला पिठलं-भाकरीची पंगत बसते, आणि वारकऱ्यांच्या गप्पांत एकच विषय असतो: पेरलं का? उगवलं का? जुन्या माणसांनी पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा अशी नावं ठेवली आहेत. आपल्या भागात दोघेही पुष्कळदा नुसते हजेरी लावून जातात.

चौथा, सप्टेंबर आणि ऑक्टोबरची सुरुवात. हा आपला खरा पावसाळा. पुण्याचा सगळ्यात ओला महिना जुलै, दौंडकडचा सप्टेंबर. कारण आता पश्चिमेचा वारा थकलेला असतो. ऊन पडतं, जमीन तापते, हवेत बाष्प भरपूर असतं, आणि ढगांना सरळ वर चढायला मोकळीक मिळते. पाऊस सह्याद्रीवर अवलंबून राहत नाही, तो आपल्याच डोक्यावर तयार होतो. शिवाय बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रं पूर्वेकडून येतात, आणि पूर्वेकडून येणाऱ्याला सह्याद्री आडवा येत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये असंच एक क्षेत्र तेलंगण, सोलापूर करत आलं आणि दौंड, इंदापूर, बारामतीचे ओढे रस्त्यांवरून वाहिले. या उत्तरा-हस्ताच्या पावसावर रब्बीची ज्वारी उभी राहते. काळी माती ओल धरून ठेवते आणि त्या ओलीवर पीक चार महिने काढतं. थंडीत तुम्ही हुरड्याचे जे फोटो टाकता ना, तो हुरडा सप्टेंबरच्या पावसाचा असतो.

पाचवा, हिवाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आभाळ निरभ्र, हवा कोरडी, उत्तरेचा वारा. हिमालयात बर्फ पडून गेलं की पाठोपाठ दोन-तीन दिवसांत इकडे गारठा वाढतो. पारा दहाच्या खाली जातो. आणि घोड, भीमेच्या काठाला, ओढ्याच्या खोलगट भागात गावापेक्षा जास्त थंडी लागते, हे मोटार चालू करायला रात्री गेलेल्या कुणालाही विचारा. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून वाहत खोलात साचते.

या थंडीला एक काळी बाजू आहे. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत येते. म्हणजे गव्हाला, कांद्याला पाणी द्यायला माणूस रात्री दोन वाजता शिवारात. त्याच दिवसांत ऊसतोडणी चालू असते. उसात राहणारे बिबटे तोडणीमुळे उघड्यावर येतात. शिरूरच्या उत्तरेकडच्या गावांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली आहेत. "दिवसा वीज द्या" ही मागणी तिथे सोयीसाठी होत नाही. ती जिवासाठी होते.

१४:४० | पाऊस नाही, तरी पूर

आता तो राहिलेला प्रश्न. आभाळातून पावपट येतं, तर ऊस कशावर?

उत्तर: दुसऱ्याच्या पावसावर. भीमाशंकरला पडलेलं पाणी भीमेतून चासकमानमध्ये अडतं. घोडचं डिंभ्यात. कुकडीच्या खोऱ्यात माणिकडोह, येडगाव, पिंपळगाव जोगे. पुण्याच्या वर पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला. तिथून कालवे निघतात. शिरूरला चासकमान, घोड आणि कुकडीचं पाणी, दौंडला खडकवासल्याचा उजवा कालवा. खडकवासला धरण एकोणिसाव्या शतकातलं, म्हणजे ही उसनवारी दीडशे वर्षं चालू आहे. आणि त्याच धरणातून पुणे शहर पाणी पितं. म्हणून दरवर्षी आवर्तनाच्या वेळी भांडण ठरलेलं: आधी शहराचा नळ की आधी आमचं रान?

पावसाळ्यात हेच उलटं होतं. घाटात धो धो, धरणं भरतात, दरवाजे उघडतात. मुळा-मुठा वाळकीच्या संगमावर भीमेला मिळते आणि सगळं पाणी दौंडवरून उजनीकडे जातं. बातम्यांत "दौंड येथून उजनीत अमुक क्युसेक विसर्ग" हे वाक्य ऐकलंय ना? क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सव्वाअठ्ठावीस लिटरच्या आसपास. दौंडला एक लाख क्युसेक सलग चोवीस तास चाललं, तर उजनीत साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी जमा होतं. म्हणजे दौंडच्या पुलावर ऊन असतं, माणसं फोटो काढत असतात, आणि खाली चार हजार मिलिमीटरच्या मुलखातला पूर वाहत असतो. नदीकाठच्या मोटारी काढायच्या की नाही, हे आपल्या आभाळाकडे बघून ठरवू नका. धरणाच्या विसर्गाकडे बघा.

उजनीची एकूण साठवण साधारण ११७ टीएमसी, त्यातलं जवळजवळ ६३ टीएमसी मृत साठा. म्हणून बातमीत "उजनी मायनसमध्ये" असं येतं. पाणी असतं, पण ते धरणाच्या नेहमीच्या हिशेबाच्या खालचं असतं. २०२३ च्या तुटीच्या पावसानंतर जानेवारी २०२४ मध्येच उजनी मायनसमध्ये गेलं. उन्हाळ्यात पळसदेवचं पाण्यात बुडालेलं जुनं मंदिर उघडं पडलं की समजायचं, वर्ष कठीण आहे. आणि तेच धरण ऑगस्ट २०२४ मध्ये शंभर टक्क्यांवर होतं.

१७:२० | इतका फरक कळून करायचं काय?

आता मुद्द्याचं बोलू, कारण हे नुसतं जनरल नॉलेज नाही. यात घरचे पैसे आहेत.

२०२३ चा ऑगस्ट आठवतोय? देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. बाजरी, मूग उभ्यानं करपले. ३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्यानं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात शिरूर आणि दौंड दोन्ही होते. मग २०२५. मे महिन्यातच, २५ तारखेच्या आसपास, दौंड-बारामती-इंदापूरला असा पाऊस झाला की जुनी माणसं म्हणाली, मे महिन्यात असं बघितलं नाही. २६ मेला मान्सून मुंबईत. लोकांना वाटलं, चला, यंदा लवकर पेरू. आणि मग मान्सून जवळपास दोन आठवडे एका जागी अडकला.

यातून निघणारा धडा साधा आहे. पहिला पाऊस म्हणजे पेरणीचा पाऊस नव्हे. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. कारण वरची चार बोटं माती भिजली की बी उगवतं, पण खाली ओल नसेल तर पुढच्या दहा दिवसांच्या उघडिपीत ते मरतं. दुबार पेरणी म्हणजे बियाणं दुसऱ्यांदा, खत दुसऱ्यांदा, ट्रॅक्टरचं भाडं दुसऱ्यांदा. घरात बाबा किंवा आजोबा "पाऊस झाला, चला" म्हणत असतील तर त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना आकडा दाखवा.

पण कुठला आकडा? इथे तुमचा मोबाईल कामाला येतो.

एक. ॲपमध्ये लोकेशन "पुणे" असेल तर बदला. शिरूर, दौंड किंवा थेट गाव टाका. काही ॲप अजूनही जवळचं मोठं शहर धरतात. व्हॉइस नोटवाल्या आपल्या मित्राचं नेमकं हेच झालं होतं.

दोन. "पाऊस ४०%" म्हणजे दिवसाच्या ४० टक्के वेळ पाऊस, असं नाही. अशी हवा दहा दिवस असेल तर त्यातल्या साधारण चार दिवशी तुमच्या ठिकाणी पाऊस पडेल, असा तो अर्थ.

तीन. अंदाजाला मर्यादा का, तेही समजून घ्या. संगणक सगळा देश चौकटींत वाटून हिशेब करतो. बरीच वर्षं हवामान विभागाच्या मॉडेलची चौकट बारा किलोमीटरची होती. मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरची भारत फोरकास्ट सिस्टिम आली. ती पुण्यातल्या पाषाणच्या आयआयटीएम या संस्थेनं तयार केली आहे. पण वळवाचा ढग कधी कधी चौकटीएवढाच असतो. त्यामुळे "तालुक्यात कुठेतरी पडेल" हे तो बरोबर सांगेल, "तुमच्याच वावरात" हे सांगणं अजून अवघड आहे.

चार. वीज. वळीव आणि परतीच्या पावसात आपल्याकडे माणसं आणि जनावरं विजेनं मरतात. आयआयटीएमनंच केलेलं "दामिनी" ॲप मोफत आहे. जवळ वीज पडत असेल तर ते इशारा देतं. पण ॲप नसलं तरी कान आहेत. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. शिवारात एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. मोटारीला, तारेच्या कुंपणाला हात लावायचा नाही. पक्क्या घरात किंवा बंद चारचाकीत जायचं. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

पाच. सरकारी मदत गावाच्या आकड्यावर मिळत नाही, महसूल मंडळाच्या आकड्यावर मिळते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. मंडळाचं स्वयंचलित हवामान केंद्र, म्हणजे महावेधचं यंत्र, ज्या गावात आहे तिथे ४० पडला आणि तुमच्या वाडीवर ९०, तर कागदावर ४० लागतो. हा अन्याय वाटतो, आणि पुष्कळदा असतोही. म्हणून आपलं केंद्र कुठल्या गावात आहे, हे माहीत करून घ्या. नुकसान झालं तर तारीख-वेळेसकट फोटो काढा आणि पंचनाम्याची मागणी वेळेत करा.

२१:०० | घरचा अभ्यास

पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस चौक आहे. नाव ऐकून हसू येतं, पुण्यात सिमला कुठून आलं? तर हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये उत्तरेतल्या सिमल्याहून पुण्यात आलं, आणि लोकांच्या तोंडी त्या इमारतीचं नाव तेच राहिलं. म्हणजे देशाच्या हवेचा हिशेब कित्येक वर्षं आपल्या जिल्ह्यात बसून झाला. मग आपल्या वाडीचा हिशेब आपण का नाही ठेवायचा?

करायचं इतकंच. सरळ उभ्या भिंतींचा, सपाट बुडाचा एक डबा घ्या. वर-खाली रुंदी सारखी हवी, बाटलीसारखा गळा नको. झाडापासून, भिंतीपासून लांब, उघड्यावर ठेवा. उडू नये म्हणून बाजूनं विटा लावा. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाण्याची उंची मोजा, वहीत लिहा, डबा रिकामा करा. साडेआठच का? कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा असतो. वेळ तीच ठेवली तर तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

हा डबा सरकारी पुरावा होणार नाही, हे आधीच सांगतो. पण जूनमध्ये घरात "पेरू का थांबू" असा विषय निघेल, तेव्हा तुमच्या वहीत लिहिलेलं असेल: आत्तापर्यंत ४८. अजून थांबू. एका पेरणीचा खर्च वाचला तर वहीची किंमत वसूल. आणि चार-पाच गावांतल्या पोरांनी एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर रोजचे आकडे टाकले, तर तालुक्यात पाऊस कसा तुकड्या-तुकड्यांनी पडतो, ते तुम्हाला कुठल्याही ॲपपेक्षा आधी दिसेल.

आपल्या दौंडच्या मित्राला मी हेच कळवलं. त्याचं उत्तर आलं, "दादा, आमच्या आजीनं अंगणात पातेलं ठेवलेलंच असतं. ती त्यात पाऊस मोजते आणि त्याच पाण्यानं तुळशीला घालते. मी पट्टी लावतो फक्त."

झालं की मग! तुमच्या डब्याचा पहिला आकडा आम्हाला पाठवा, गावाचं नाव लिहायला विसरू नका. पुढच्या भागात भेटू. छत्री जवळ ठेवा, गॉगलही ठेवा. आपल्याकडे दोन्ही लागतात.